खाजणात बसलेली बाई

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, "पेंटरकाका, तुमच्या धंद्यातल्या चार गोड आठवणी लिहून द्या." मी म्हटलं, गोड हवं असेल तर स्टेशनसमोरच्या मिठाईवाल्याला विचारा, त्याची पाटी मीच रंगवली आहे. माझ्याकडचं सगळं टर्पेंटाइनच्या वासाचं. त्या म्हणाल्या, तेही चालेल. तेव्हा आता कुणी तक्रार करायची नाही.

मी बोईसरमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं पेंटर होतो. पेंटर म्हणजे चित्रकार नव्हे आणि घराला रंग देणाराही नव्हे. दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या पाठीवरची अक्षरं, कारखान्यांच्या गेटावरचे इशारे, होड्यांचे नंबर, निवडणुकीच्या भिंती, लग्नाच्या मांडवावरची नावं, हे माझं काम. मी मूळचा साताऱ्याकडचा. मामा इथल्या कारखान्यात लागला होता, त्याच्या खोलीवर आलो आणि राहिलो. मशीनवर उभं राहायचं नाही एवढं मात्र आल्या दिवशीच ठरवलं होतं. तिसऱ्या महिन्यात 'वसंत आर्ट्स' अशी पाटी स्वतःच रंगवून खोलीच्या दाराला लावली. मामा म्हणाला, आता गिऱ्हाईकपण स्वतःच हो.

या धंद्यात हात तुमचा असतो आणि शब्द दुसऱ्याचे. कागदावर जे लिहून आणतील ते भिंतीवर चढवायचं. खरं का खोटं हे पेंटरनं विचारायचं नसतं. 'शुद्ध तुपातील' असं मी कितीतरी वेळा लिहिलं आहे आणि त्याच दुकानातला डालडाचा डबा रंग कालवायला वापरला आहे.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नमुने. सातपाटीकडचे एक होडीमालक होते. होडीवर सरकारी नंबर ठळक घालायचा असा नियम. हे म्हणाले, नंबर बारीक काढ आणि देवीचं नाव हातभर काढ. मी नियम सांगितला तर म्हणाले, "नंबर सरकारसाठी, नाव दर्यासाठी. बुडायला लागलो तर सरकार येनार हाय का पोवत?" मी नंबर नियमाएवढा काढला आणि नाव त्याच्या दुप्पट. त्यांची होडी लांबून ओळखू यायची, आणि मला ते बघून बरं वाटायचं.

दुसरी आठवण मात्र बरी नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटाशी फलक होता, 'अपघाताविना दिवस', आणि पुढे आकडा. दर सोमवारी जाऊन आकडा पुसून नवा लिहायचा हे माझं बांधलेलं काम. एका सोमवारी गेलो तर टाइमकीपरनं नेहमीसारखा सात दिवस पुढचा आकडा हातावर ठेवला. मी लिहायला लागलो. मागे एक कामगार उभा होता, गोरखपूरकडचा. त्याच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पांढरं बँडेज. तो शांतपणे म्हणाला, "पेंटरबाबू, आज तो जीरो लिखना था." मी मागे बघितलं, पुढे टाइमकीपरकडे बघितलं, आणि दिलेला आकडा लिहून टाकला. छान वळणदार लिहिला. तो माणूस नंतर कधी दिसला नाही. मला त्या आकड्याची लाज वाटते आणि ती मी इथं छापून घेतो आहे. एरवी कुठे सांगणार?

त्या सोमवारी मी जे केलं नाही, ते त्याआधी काही वर्षं एकदा केलं होतं. म्हणजे मला येत नव्हतं असं नाही. आता तेच सांगतो.

एकोणीसशे बहात्तर साल. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती आणि जिकडे तिकडे रौप्यमहोत्सव. आमच्याकडे एक उत्सव समिती झाली आणि तिनं ठरवलं की गावोगावी एकेक भिंत घेऊन तिच्यावर स्वातंत्र्यलढ्याचं चित्र काढायचं. दहा गावं, दहा भिंती. मी चोवीस वर्षांचा, धंदा नवा, आणि काम मलाच मिळालं, कारण दुसरा पेंटर तेव्हा बाहेरगावी गेला होता. पहिली भिंत मुरबे या समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावातली. ती नीट जमली तर बाकीच्या नऊ माझ्या, असं समितीचे चिटणीस भाऊसाहेब यांनी बजावलं.

भाऊसाहेब म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. खादीचा सदरा, छत्री, आणि कुणाच्याही बोलण्यातली चूक लगेच दुरुस्त करायची सवय. बेचाळीसच्या चळवळीत नोकरी सोडून तुरुंगात गेलेले. त्यांनी माझ्या हातात मंजूर झालेला आराखडा ठेवला. चार चौकोन. पहिल्यात थोर पुढाऱ्यांचे चेहरे, दुसऱ्यात झेंडा घेतलेला जमाव, तिसऱ्यात तुरुंगाचे गज, चौथ्यात फडकणारा तिरंगा आणि मागे कारखान्यांची धुराडी. खाली ज्यांची नावं सरकारी यादीत आहेत त्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं. यादीत मुरब्याचं कुणी नव्हतं.

भिंत होती गावातल्या जाळी विणायच्या पडवीची. लांबलचक, वर कौलं, समोरची बाजू उघडी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि अख्खा गाव पडवीत बसून जाळी दुरुस्त करतो, हे मला साताऱ्याच्या माणसाला काय माहीत! मला वाटलं होतं, निवांत एकट्यानं काम करीन. पहिल्या दिवशी गेलो तर पन्नास माणसं भिंतीकडे तोंड करून बसलेली. तेवढे टीकाकार मला पुन्हा कधी मिळाले नाहीत.

भिंतीचं काम कसं असतं ते सांगतो. आधी काथ्यानं घासायची. मग चुन्यात सरस घालून दोन हात द्यायचे, नाहीतर रंग पाठ टेकणाऱ्याच्या सदऱ्यावर जातो. मग सुतळी निळीत बुडवून दोन टोकांना ताणून धरायची आणि मधे उचलून सोडायची. फट् करून सरळ निळी रेघ उमटते. अशा रेघांचे चौकोन आखून लहान चित्र मोठं करायचं. समुद्राकाठी एक त्रास जास्त असतो. भिंतीला लोणा लागतो, म्हणजे गिलाव्यातून खार बाहेर येतो आणि रंग फुगून पापुद्रे सुटतात. ती भिंत तर सहा-सात वर्षांतच सोलून निघाली आणि पुढे पडवीच पाडली. चित्राचा फोटो माझ्याकडे नाही. तेव्हा कॅमेरा कुणाकडे होता?

परांचीसाठी बांबू घेऊन लाडक्या आला होता. डोंगराकडचा वारली, वय पन्नाशीच्या आसपास, बोलायला कमी. बांबू बांधून दिले आणि काम संपेपर्यंत चढउताराला मदत करतो म्हणाला. पावसाळ्यात आवण्या, म्हणजे भाताची लावणी, आटपल्यावर तो असंच कुठे कुठे काम करायचा.

पहिल्या चौकोनाच्या रेघा मारत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "पैला काय काडनार?"

साठी उलटलेली बाई. गुडघ्याच्या वर घट्ट लुगडं, नाकात मोठी नथ, हातात जाळं विणायची सुई. गावात तिला सगळे जानकीआय म्हणत. मी म्हटलं, "आय, पहिल्यात पुढारी."

"पुडारी पैले आले का?"

"म्हणजे?"

"लडा पैला झाला का पुडारी पैले आले?"

मी म्हटलं, मी पेंटर आहे, मला आराखडा दिलाय. ती म्हणाली, "मंग तुला म्हाईत नाय. बस खाली." आणि मी बसलो. आमच्या आईनंही मला कधी एवढ्या लवकर खाली बसवलं नसेल.

तिनं सांगितलं ते असं. गावामागे खाजण आहे. खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती खारवट सपाट जमीन. उन्हाळ्यात पाणी आटलं की तिथे आपोआप मीठ धरतं. बाया ते खरवडून आणायच्या आणि त्यात मासळी खारवून वाळवायच्या. मासळी वाळली नाही तर पावसाळ्यात खायचं काय? पण इंग्रजांच्या राज्यात मीठ सरकारचं. आपोआप आलेलंही सरकारचं. खरवडलं तर गुन्हा. मीठखात्याचे शिपाई घरात शिरून मासळीच्या रांजणात काठी घालून बघायचे. आणि खाजणात मीठ धरलं की त्यात खाडीचं पाणी सोडून ते चिखलात तुडवून टाकायचे. शिपाई स्वतः कशाला तुडवतील? गावातल्या बायांना वेठीला धरायचे.

"आमचा मीट आमच्याच पायान तुडवायचा," जानकीआय म्हणाली. "पायाला भेगा पडायच्या, त्यात खार शिरायचा. मी नवी नवरी होते. सासूच्या मागून चालायचे आनि रडायचे. एक दिस माजी सासू चालता चालता थांबली आनि त्या चिकलात बसली. फतकल मारून. शिपाई बोलला ऊठ. नाय उठली. काठी मारली. नाय उठली. मंग मी बसले. मंग सगल्या बसल्या. तवा कुटला पुडारी, कुटला झेंडा! कोनाला म्हाईत पन नवता स्वराज काय असता ते."

पडवीतली जाळी थांबली होती. म्हातारे पुरुष खाली बघत होते, कारण त्या दिवशी ते सगळे दर्यावर होते.

मी विचारलं, "आणि गांधीटोपीवाले कधी आले?"

"नंतरच्या वरसाला. मीट उचलायला. ते आले तवा आमी खाजनातच होतो. त्यांनी झेंडा आनला."

लाडक्या परांचीच्या टोकावर बसून ऐकत होता. तो अचानक म्हणाला, "त्या वरसाला आमाला सुकी मासली नाय भेटली."

मला काही समजेना. मग दोघांनी मिळून समजावलं. कोळणी सुकी मासळी घेऊन डोंगराकडे जायच्या आणि बदल्यात भात, लाकूड आणायच्या. ज्या वर्षी मीठ तुडवलं त्या वर्षी मासळी सडली, टोपल्या रिकाम्या. डोंगरातली माणसं विचारू लागली, मासळी का नाही? यांनी मिठाची गोष्ट सांगितली. मग त्यांनी आपली सांगितली. लाडक्याच्या बापाची कुऱ्हाड जंगलखात्याच्या शिपायानं काढून घेतली होती, स्वतःच्या झोपडीला लाकूड तोडलं म्हणून. ती सोडवायला त्याला साहेबाच्या बंगल्यावर पावसाळाभर फुकट राबावं लागलं होतं.

"तवर मिटाचा शिपाय तुमचा होता न् जंगलाचा शिपाय आमचा," लाडक्या म्हणाला. "बापूस बोलायचा, त्या वरसाला कललां, दोगांचा मालक येकच हाय."

मी शाळेत 'स्वातंत्र्यलढ्याची कारणे' पाठ केली होती, आठ की नऊ होती. त्यातलं एकही मला आठवत नव्हतं. त्या दिवशी पडवीत बसून मला पहिल्यांदा कळलं की लढा वरून खाली आला नव्हता. एका रांजणातून, एका कुऱ्हाडीतून निघून तो टोपल्यांबरोबर गावोगाव फिरला होता, आणि झेंडा त्याला वाटेत भेटला होता. मी आराखड्याची गुंडाळी केली आणि परांचीच्या बांबूत खुपसून ठेवली. मला तेव्हा नऊ भिंती आठवल्या नाहीत असं म्हणणार नाही. आठवल्या. पण तरीही गुंडाळी केली.

पहिल्या चौकोनात मी चिखलात बसलेली बाई काढली. तीन दिवस लागले. मला बाईचं चित्र म्हणजे कॅलेंडरवरचं माहीत. मान खाली, डोळ्यांतून दोन थेंब, पदर ओठाशी. भोवती शुभ्र मीठ. आपण काहीतरी थोर केलं अशा तोऱ्यात मी खाली उतरलो आणि जानकीआयला हाक मारली.

ती आली, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "ही कोन?"

"तुमची सासू."

"माजी सासू रडते?"

"मग?"

"ती शिव्या घालत होती रं! शिपायाला, त्याच्या सायबाला, सायबाच्या रानीला. ऐकून मी रडायची थांबले. तू हिला गरीब गाय करून ठेवलीस." मग मिठाकडे बोट दाखवलं. "न् हा पांढरा सफेत मीट कुटला? पांढरा मीट सरकारचा, दुकानातला. आमचा मातीचा, तपकिरी. ह्यो खाजनाचा रंग नाय."

पडवी खदखदून हसली. मला राग आला, मग हसू आलं, आणि मग लाज वाटली. ज्या बाईनं काठी खाऊनही मान खाली घातली नाही तिची मान मी साताऱ्याहून येऊन खाली घातली होती. मी ती सगळी आकृती चुन्यानं पुसली. दुसऱ्यांदा काढली ती तोंड उघडं, मान वर, एक हात शिपायाच्या दिशेनं फेकलेला. मिठासाठी पांढऱ्यात गेरू आणि काजळी कालवून सात वेळा रंग करून बघितला, आणि सातव्या वेळी जानकीआयनं नाक मुरडलं नाही. दुसऱ्या चौकोनात कुऱ्हाड ओढून घेणारा शिपाई, तिसऱ्यात रिकाम्या टोपल्या घेऊन डोंगरातल्या माणसांशी बोलणाऱ्या कोळणी. चौथ्यात मीठ उचलणारा जमाव, त्यात टोपीवाले, लंगोटीवाले, लुगडंवाल्या, सगळे, आणि वर झेंडा.

आता खाली नाव घालायचं. मी विचारलं, "सासूबाईंचं नाव काय?"

जानकीआयनं सुई जाळ्यात खुपसली. मग म्हणाली, "आमच्यात सासूचा नाव नाय घेत."

मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणी म्हणे रामाची आय, कुणी म्हणे धाकलीआय, कुणी म्हणे वरच्या आळीची म्हातारी. त्या बाईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. माहेर लांबचं, तिथे कुणी उरलं नव्हतं. मुलगा, म्हणजे जानकीआयचा नवरा, दर्यात बुडून गेला होता. तिचं स्वतःचं नाव माहीत असलेलं माणूस त्या गावात एकच उरलं होतं आणि ते नाव घेत नव्हतं.

स्वातंत्र्यदिनाच्या दोन दिवस आधी भाऊसाहेब भिंत बघायला आले. छत्री मिटली, चष्मा पुसला, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून लाडक्या परांचीवरून मागच्या बाजूनं उतरला.

"अहो पेंटर, हे काय आहे?"

मी म्हटलं, "स्वातंत्र्यलढा."

"हा लढा नाही. ही कुरकुर आहे. माझं मीठ तुडवलं, माझी कुऱ्हाड नेली! अशा कुरकुरीनं राज्यं जात नाहीत. त्याला विचार लागतो, नेतृत्व लागतं. चुना आहे ना? आजच्या आज पांढरी करा आणि आराखड्याप्रमाणे निदान चेहरे तरी काढा. नाहीतर पुढच्या भिंतींचं विसरा."

चुन्याची बादली माझ्या पायाशीच होती. मी म्हटलं, "भाऊसाहेब, मी पांढरी करणार नाही. ब्रश हा घ्या, तुम्ही करा." नऊ भिंती गेल्या हे बोलता बोलताच कळलं. पण बोललो ते बोललो.

त्यांनी ब्रश घेतला नाही. तेवढ्यात जानकीआय जाळं बाजूला सारून उठली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"गुरुजी, तुमी तुरुंगात गेलता ना?"

"गेलो होतो."

"कोन बोलला जायाला?"

"कोणी नाही. आपण होऊन गेलो. देशासाठी."

"देश झाला. पन पैला राग कुटला? अगदी पैला?"

भाऊसाहेबांनी छत्री उघडली, पुन्हा मिटली. जानकीआय हटेना. शेवटी ते पडवीच्या कट्ट्यावर बसले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "नवा शिक्षक होतो. गोरा साहेब दौऱ्यावर आला. माळावर तंबू. भेटायला बोलावलं आणि शिपायानं बाहेरच जोडे काढायला लावले. जोडे हातात धरून उन्हात उभा केला तासभर. माझीच मुलं समोर रांगेत उभी होती. ती बघत होती." मग छत्री मांडीवर घेत म्हणाले, "हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही."

जानकीआय हलक्या आवाजात म्हणाली, "मंग ती कुरकुर का लडा?"

भाऊसाहेब उठले, भिंतीकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाले, "चित्र राहू दे. अध्यक्षांचं मी बघतो. पण नाव घालायचं नाही. यादीत नाव असेल तरच भिंतीवर नाव, हा समितीचा नियम आहे. त्याला माझा इलाज नाही."

मी सुटकेचा श्वास सोडला. जानकीआयनं नाही सोडला. "नाव नसल तर ती कोनी बी बाई," एवढंच म्हणाली आणि जाळ्याकडे गेली. मला वाटलं, म्हातारीला किती मिळालं तरी पुरत नाही. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. आता तिच्या वयाला पोचल्यावर कळतं की ती बरोबर होती. त्या बाईचा मुलगा गेला, नातवंडं नव्हती, आणि यादीत ती कधीच येणार नव्हती. जानकीआय गेली की तिचं नाव जगातून जाणार होतं आणि चिखलात पहिली कोण बसली हेही जाणार होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सगळे पडवीत जमले. पाहुणे म्हणून जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी, बरोबर समितीचे अध्यक्ष, गळ्यात हार. मी मुद्दाम रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन कोपऱ्यात उभा होतो, ओल्या हवेत कुठे पापुद्रा सुटला तर लावायला. लाडक्या डोंगरातल्या दहा-बारा माणसांना घेऊन आला होता, आणि ती सगळी दुसऱ्या चौकोनासमोर मान वाकडी करून उभी होती.

पाहुणे पहिल्या चौकोनाशी थांबले. "ही बाई कोण?"

अध्यक्षांनी चित्र त्याच क्षणी पहिल्यांदा बघितलं असावं. पण ते भाषणाला कधीच न अडणारे गृहस्थ. म्हणाले, "साहेब, हे प्रतीक आहे. पारतंत्र्याच्या चिखलात रुतलेली ही आपली भारतमाता."

पाहुण्यांनी मान डोलावली. छान, छान म्हणाले. एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या.

"नाय," मागून आवाज आला. "भारतमाता नाय ती. ती माजी सासू."

गर्दी बाजूला झाली. जानकीआय पुढे आली. अध्यक्ष हसून म्हणाले, "आजी, तुम्ही बसा." ती बसली नाही. पाहुणे मात्र भले गृहस्थ. त्यांनी विचारलं, "काय नाव त्यांचं?"

 गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की ती नाव घेणार नाही. चाळीस वर्षांहून जास्त काळ तिनं ते उच्चारलं नव्हतं. सासूला हाक मारताना नाही, शेजारणीशी बोलताना नाही, ती मेली तेव्हा रडतानासुद्धा नाही. मी तिच्याकडे बघत होतो. तिनं पदर डोक्यावरून पुढे घेतला, भिंतीवरच्या बाईकडे तोंड केलं आणि कपाळाला हात लावून आधी तिची माफी मागितली. मग वळून म्हणाली, "वेसू."

एका म्हातारीनं तोंडावर हात घेतला. जानकीआय पुन्हा म्हणाली, या वेळी दर्यावर हाक घालावी तशी, "वेसू! वेसू तिचा नाव!" आणि माझ्याकडे बघून, "लिव."

अध्यक्ष म्हणाले, "पेंटर, थांब. यादीत आहे का हे नाव?"

मी भाऊसाहेबांकडे बघितलं. नियम त्यांचा होता. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "लिहा. ऱ्हस्वदीर्घ मी बघतो."

मी सर्वांत रुंद ब्रश काळ्या रंगात बुडवला. सुतळीची रेघ मारली नाही, हाताला काठीचा टेकू घेतला नाही, मापही घेतलं नाही. हातभर उंचीची दोन अक्षरं काढली. शिरोरेघ वाकडी गेली, ऊकाराचा ओघळ थेट चिखलात उतरला. माझ्या हातचं एवढं वेडंवाकडं अक्षर दुसरं नाही. बाकीच्या नऊ भिंती दुसऱ्या पेंटरला गेल्या, त्यानं सगळीकडे चेहरे काढले आणि चेहरे चांगले काढले. जाऊ देत. मी पोट भरलं ते पाट्यांवर, पण पेंटर झालो तो त्या दोन अक्षरांवर, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

जानकीआयला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "झाला?"

"झालं, आय."

तिनं ओल्या अक्षरावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं ते तिनं लुगड्याला पुसलं नाही. तसंच वर धरून ती हार घातलेल्या अध्यक्षांसमोर गेली, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिली आणि म्हणाली, "आता पुसा."